थेंब बुडतो की तरंगतो

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या रक्तदान शिबिराच्या आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर झालेलं व्याख्यान. वक्त्या बी विंगच्या रहिवासी आणि रक्तपेढीतल्या निवृत्त तंत्रज्ञ. स्मरणिकेसाठी त्यांनी ते स्वतः लिहून दिलं आहे.)



व्याख्यान हा शब्द खालच्या नोटीस बोर्डावर वाचला तेव्हाच मी सेक्रेटरींना म्हटलं होतं, "गप्पा म्हणा हो." पण पत्रिका छापून झाली होती. तेव्हा आता जे बोलेन ते व्याख्यान.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी ३२ वर्षं तंत्रज्ञ होते. २०१६ साली निवृत्त झाले. रक्त घ्यायचं, तपासायचं, त्याचे भाग वेगळे करायचे, पेशंटच्या रक्ताशी जुळवायचं आणि खिडकीतून द्यायचं, हे माझं काम. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी नोकरी गेली. बाहेरच्या बाजूला उभं राहायची वेळ एकदाच आली. ते पुढे सांगणार आहे.

उद्या क्लबहाऊसमध्ये शिरलात की पहिल्याच टेबलावर निळं पाणी दिसेल. ते मोरचुदाचं पाणी. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब त्यात सोडतात. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला, तर तुमचं हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याच्या वर. तरंगला, नाहीतर मध्येच लोंबकळत राहिला, तर तुम्हाला सांगतात, आज नको. हल्ली आकडा दाखवणारं छोटं यंत्रही मिळतं. पण मी मुद्दाम मोरचुदाचं पाणी ठेवायला सांगितलंय. आकडा माणूस घरी जाईपर्यंत विसरतो. तरंगणारा थेंब लक्षात राहतो.

गेल्या शिबिरात आपल्या कितीतरी बायका उत्साहाने खाली आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणी या टेबलावरूनच परत गेल्या. जाताना हसत होत्या. "काकू, आमचं रक्त पास नाही झालं!" जणू काही चित्रकलेच्या परीक्षेत नापास झाल्या. मीही हसले. नंतर घरी गेल्यावर मला माझाच राग आला. आज मुख्यतः त्या हसण्याबद्दल बोलायचंय. पण त्याआधी रक्त म्हणजे काय ते थोडं. पुढे बसलेल्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आजोबांसाठीसुद्धा.

आपल्या अंगात रक्त किती असतं? वजनाच्या सात-आठ टक्के. साठ किलोच्या माणसात साधारण साडेचार लिटर. वाण्याकडे तेलाचा पाच लिटरचा कॅन मिळतो ना, त्याहून थोडं कमीच. एवढ्याशावर सगळा कारभार.

गुठळी होऊ नये म्हणून औषध घातलेल्या नळीत रक्त घ्या आणि यंत्रात गरगर फिरवा. त्याचे थर होतात. तळाला गडद लाल, तो जवळजवळ निम्मा. वर पिवळसर, वरणाच्या निवळीसारखं पाणी. दोघांच्या मध्ये एक पातळ पांढुरका पापुद्रा. लाल थर तांबड्या पेशींचा. पापुद्रा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सचा. वरचं पाणी म्हणजे प्लाझ्मा, मराठीत रक्तद्रव. आपण 'रक्ताचं पाणी केलं' म्हणतो. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग हा प्लाझ्मा, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक मुळात पाणीच असतं. उरलेल्यात प्रथिनं, क्षार, साखर, हार्मोन्स. जेवणातलं पोषण पेशीपर्यंत न्यायचं ते यातूनच, आणि पेशीतला कचरा मूत्रपिंडापर्यंत आणायचा तोही यातूनच. आपल्या इमारतीत पाण्याचा पाइप आणि सांडपाण्याचा पाइप वेगळे असतात. शरीराचं एकाच पाण्यात भागतं, आणि तरी तक्रार येत नाही.

जाता जाता, शिबिराला येताना बटाटेवडे खाऊन येऊ नका. तेलकट खाऊन आलेल्या माणसाचा प्लाझ्मा दुधासारखा पांढरट होतो. पिशवी हातात घेतली की आम्हाला कळायचं, स्वारी कुठून नाश्ता करून आलीय.

पांढऱ्या पेशी संरक्षणाचं काम करतात. ते तुम्ही शाळेत शिकलात, म्हणून त्यावर थांबत नाही. प्लेटलेट्सवर मात्र थांबायला हवं, कारण दर पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर प्लेटलेट्सचीच चर्चा चालते. प्लेटलेट हा पेशीचा तुकडा. रक्तवाहिनीला भोक पडलं की तिथे जाऊन चिकटायचं आणि बूच मारायचं, हे त्याचं काम. मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख ही नेहमीची संख्या. डेंग्यूत ती घसरते. पन्नास हजारांवर आली की घरचे हवालदिल होतात आणि 'अर्जंट प्लेटलेट्स' असा मेसेज सुटतो. कुठून रक्तस्राव होत नसेल, तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुतेकदा प्लेटलेट्स चढवाव्या लागत नाहीत. ते अर्थात डॉक्टर ठरवतील.

डेंग्यूतला मोठा धोका वेगळाच असतो. रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा बाहेर झिरपतो. आत तांबड्या पेशी दाटतात, रक्तदाब पडतो. आणि हे होतं साधारण ताप उतरतो त्या सुमारास. म्हणजे घरचे म्हणतात, ताप गेला, सुटलो, आणि नेमकं तेव्हाच जपायचं असतं. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, अस्वस्थपणा, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर पपईच्या पानाचा रस काढत बसू नका, रिक्षा बोलवा.

आता लाल थर. तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. मोठ्या माणसात मुख्यतः छातीचं हाड, बरगड्या, मणके आणि कमरेची हाडं. मी आत्ता हे वाक्य बोलले तेवढ्यात तुमच्या प्रत्येकाच्या अंगात कोटीभर नव्या पेशी तयार झाल्या. सेकंदाला वीस लाखांच्या वर हा वेग आहे. पेशी जगते सुमारे १२० दिवस. तिला केंद्रक नाही, दुरुस्तीची सोय नाही. आत खच्चून हिमोग्लोबिन भरलेलं, एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू. फुप्फुसात प्राणवायू धरायचा आणि पेशीपेशीत सोडायचा, तो या लोहाच्या जोरावर. चार महिने राबून पेशी म्हातारी झाली की प्लीहा आणि यकृत तिला मोडीत काढतात आणि आतलं लोह परत वापरायला देतात. आपला भंगारवालासुद्धा इतक्या काटेकोरपणे लोखंड वेगळं करत नसेल.

सगळ्या शरीरात मिळून लोह तीन-चार ग्रॅम. जेवणातून रोज अंगी लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे जमाखर्च अगदी तंगीचा. आणि दोन मिलिलिटर रक्त अंगातून गेलं की साधारण एक मिलिग्रॅम लोह गेलं. बायकांचं दर महिन्याला जातं. एका बाळंतपणाला मिळून साधारण एक ग्रॅम लोह लागतं. रोजच्या एक-दोन मिलिग्रॅमातून हे कसं भरून निघणार, तुम्हीच हिशेब करा. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय निघाला. निम्म्याहून जास्त. आपल्या गच्चीवरच्या खुर्च्या त्याला अपवाद असतील असं मला वाटत नाही. लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबणारी बाई म्हणते, "वय झालं." तिचं वय चौतीस. कुणाला बर्फ चावावासा वाटतो, कुणी तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ तोंडात टाकते, शाळेतल्या मुली पाटीवरची पेन्सिल खातात. आपण त्याला खोड म्हणतो. बऱ्याचदा ते लोहाची कमतरता असते.

आता ती खिडकीच्या बाहेरची गोष्ट. सुनेला विचारून सांगतेय. ती तिसऱ्या रांगेत बसलीय, आणि ही गोष्ट ज्याच्यामुळे घडली तो पहिल्या रांगेत वेफर्स खातोय.

२०१८ साल. तिला सातवा महिना होता. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.४. गरोदरपणात प्लाझ्मा तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येतोच, पण अकराच्या खाली गेला की तो रक्तक्षय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तिला त्यांनी मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही. गोळ्यांची पट्टी ओट्यावर साखरेच्या डब्यामागे असायची. मी रोज सकाळी चहा टाकताना ती पट्टी बघत होते. ही संपत कशी नाही, असं मनात आलंसुद्धा. पण सुनेच्या गोळ्या मोजायच्या म्हणजे सासूपणा दिसेल, म्हणून गप्प बसले. ३२ वर्षं ज्या बाईने हिमोग्लोबिनशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, ती स्वतःच्या ओट्यावर गप्प बसली.

बाळंतपण वेळेवर झालं. बाळ रडलं, पेढे सांगून झाले. आणि मग गर्भाशय आकसेना. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या उघड्या वाहिन्या गर्भाशयानेच आवळून बंद करायच्या असतात. नाही केल्या तर काय होतं ते मला माहीत होतं. अशा बायकांसाठी मी कितीतरी रात्री पिशव्या जुळवून खिडकीतून दिल्या होत्या. तेरा हिमोग्लोबिनची बाई लिटरभर रक्त गेलं तरी तग धरते. जिची सुरुवातच नऊवर आहे तिच्या गाठीला काही नसतं. फरक तेवढाच, आणि त्या रात्री तो फरक माझ्या घरातला होता.

तांबड्या पेशींच्या चार पिशव्या आणि प्लाझ्माच्या चार लागल्या. मुलगा आणि त्याचे दोन मित्र धावत रक्त द्यायला गेले. मला माहीत होतं, त्यांचं रक्त आत्ता हिच्या उपयोगाचं नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया, एवढ्या तपासण्या झाल्याशिवाय कुठलीही पिशवी बाहेर पडत नाही, आणि त्याला तास लागतात. मी पहिली पिशवी हातात घेतली. सवयीने लेबल वाचलं. त्यावर देणाऱ्याचं नाव नसतं, नंबर असतो, गट असतो, आणि रक्त घेतल्याची तारीख. तारीख नऊ दिवसांपूर्वीच्या रविवारची होती. कुठल्या तरी सोसायटीत, नाहीतर कॉलेजात, कुणीतरी रविवारी सकाळी उठून गेलं होतं. बातमी नव्हती, अपघात नव्हता, कुणाचा फोन नव्हता.

हे मी आधीपासून जाणत होते, पण नोकरीतलं जाणणं वेगळं. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्या संध्याकाळी मी ड्यूटीवर होते. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली. कॉलेजची पोरं, टॅक्सीवाले, ऑफिसातून तसेच आलेले लोक. मुंबई म्हणजे काय ते त्या रांगेत दिसत होतं. पण जखमींना जे रक्त चढलं ते फ्रिजमध्ये आधीच होतं म्हणून चढलं. रांगेतल्या बऱ्याच जणांना आम्ही नाव-नंबर लिहून घेऊन सांगितलं, दोन-तीन महिन्यांनी या. त्यांना वाईट वाटलं, काहींना राग आला. एकदम सगळं घेऊन करणार काय? तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस, त्याही फ्रिजबाहेर २२ अंशांना, सतत हलवत ठेवून. प्लाझ्मा गोठवला तर वर्षभर राहतो. दोन-तीन महिन्यांनी त्या यादीवरून फोन केले. आले ते बोटांवर मोजण्याइतके. मी त्यांना दोष देत नाही. बातमी जुनी झाली होती. पण थॅलेसेमियाच्या पोरांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, बातमी असो नसो. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि त्या पोरांचे आईबाप खिडकीसमोर उभे. दरवर्षी.

आपली कमिटी २६ जानेवारीला मोठं शिबिर घेते, ते चांगलंच आहे. पण त्याच दिवशी गल्लोगल्ली शिबिरं असतात. माझी मागणी अशी की दुसरं शिबिर मे महिन्यात घ्या, लहानसं का होईना. पंचवीस जण आले तरी पुष्कळ. अध्यक्षसाहेब मान हलवताहेत, ती होकाराची समजते.

तळमजल्यावरचे काका नेहमी विचारतात, घरच्या माणसाचं रक्त सगळ्यात चांगलं ना? नाही काका. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं रक्त आम्ही शक्यतो टाळतो. ते इतकं सारखं असतं की पेशंटचं शरीर त्यातल्या पांढऱ्या पेशींना परकं मानत नाही, आणि क्वचित त्या पेशीच पेशंटच्या शरीरावर उलटतात. एकदा तसं झालं की त्यावर फारसा इलाज नाही. शेजारी बरा. त्यांचा दुसरा प्रश्न बॉम्बे ब्लड ग्रुपचा. तो आपल्या मुंबईतच सापडला. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली त्याबद्दल लिहिलं. साध्या तपासणीत ही माणसं 'ओ' गटाची वाटतात, पण त्यांना 'ओ' रक्त चालत नाही, फक्त त्यांच्यासारख्याचंच चालतं. आपल्याकडे दहा हजारांत एखादा. म्हणून नुसता गट बघून रक्त चढवत नाहीत, प्रत्येक वेळी जुळवून बघतात. खिडकीपाशी उशीर झाला की आत काय झोपा काढतात का, असं लोक ओरडायचे. आत हे चाललेलं असतं.

आता परत निळ्या पाण्याकडे. थेंब तरंगला तर काय करायचं? बीट खाऊ नका, म्हणजे आवडत असेल तर खा, पण ते लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही. त्याच्या रंगाचा हिमोग्लोबिनशी काही संबंध नाही. पालकातलं लोह फारसं अंगी लागत नाही. अळिवाचे लाडू चांगले, डाळी-उसळी चांगल्या, खात असाल तर मटण आणि कलेजी सगळ्यात चांगली. उसळीवर लिंबू पिळा, आंबटाने लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवल्याबरोबर चहा नको, तासभर थांबा. आपल्या घरी हे सगळ्यात अवघड, मला कल्पना आहे.

पण घसरलेला आकडा खाऊन भरून येत नाही, गोळी लागते. ती मनाने घेऊ नका, आधी कारण शोधा. लोह कमी असेल, बी-१२ कमी असेल, थॅलेसेमियाचा वाहक असाल. पुरुषाचा थेंब तरंगला तर जास्तच काळजी घ्या. आत कुठेतरी, आतड्यात नाहीतर जठरात, रक्त जात असू शकतं. गोळीने मळमळलं तर साखरेच्या डब्यामागे ठेवू नका. डॉक्टरांना सांगा. दुसरी गोळी देतात, वेळ बदलून देतात, गरज पडली तर शिरेतून लोह देतात. सुनेला नंतर तेच दिलं. आणि घरात जी कुणी सासू, आई, नवरा असेल त्याने मोजा पट्टी. सासूपणा दिसला तर दिसू दे.

बाकी उद्याचे नियम थोडक्यात. वय १८ ते ६५, पहिल्यांदा देणारे साठीच्या आतले. वजन ४५ किलोच्या वर. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि बायकांनी चार महिन्यांनी परत द्यायला हरकत नाही. घेतात साडेतीनशे मिलिलिटर. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशी महिना-दोन महिन्यांत. दिल्यावर लगेच उठून पळू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा. त्या दिवशी जिम नको.

मी स्वतः ३२ वर्षांत दोनदाच रक्त देऊ शकले. बाकी प्रत्येक वेळी माझा थेंब तरंगला, आणि रक्तपेढीत सगळे हसायचे, मीही हसायचे. आता वय ६५ च्या पुढे गेलं, तो विषय संपला. उद्या मी त्या पहिल्या टेबलावर बसणार आहे. ज्यांचा थेंब तरंगेल त्यांच्यासाठी एक वेगळी वही आणलीय. नाव आणि फ्लॅट नंबर लिहून घेणार, आणि तीन महिन्यांनी येऊन बेल वाजवणार. दार उघडलं नाहीत तर जिन्यात बसून राहीन, मला आता दुसरं काम नाही.

सकाळी नऊपासून. उपाशी येऊ नका. पोहे सी विंगच्या बायका करणार आहेत, लिंबू मी आणते.